धार कोणाची

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार

ही डायरी द्राक्षवाल्यांच्या सोसायटीनं आमच्या ह्यांना जानेवारीत दिली, तेव्हापासून फडताळावर धूळ खात पडली होती. आज मालननं झटकून माझ्या हातात दिली. म्हणाली, "आई, तू दिवसभर बोलतेस त्यातलं थोडं हिच्याशी बोल. मला जरा पडू दे." बघा आता. लेक माझी, नातवंड माझं, आणि बोलायचं वहीशी.

मी दुसरीतून शाळा सोडलेली. मालन मालेगावला मास्तरीण झाली तेव्हा सुट्टीत येऊन तिनंच मला पुन्हा पाटीवर बसवलं. जोडाक्षर आलं की अजून हात अडतो. पण चालतंय, वाचणार कोण आहे.

तर मी आजी होणार! हे आधी लिहायचं होतं, राहून गेलं. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा कुठं मालनला दिवस गेले. आता सातवा लागला. जावई वाल्मीकराव दसऱ्याला तिला मखमलाबादला सोडून गेले, बाळंतपण इथंच. मी दोन जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली, लंगोट शिवले. चंद्री म्हैस नेमकी आताच व्याली, त्यामुळे दुधाला तोटा नाही. तिची धार मीच काढते. ह्यांनी हात लावला की ती दूध चोरती. जनावराला माणूस कळतं. ह्यांना ते पटत नाही.

आज नाशिकला बाईडॉक्टरकडं गेलो होतो. पोटातलं बघायचं नवं मशीन आलंय तिच्याकडं. मालनच्या पोटाला गार डिंकासारखं काहीतरी चोपडलं आणि टीव्ही लावला. टीव्हीत नुसत्या मुंग्या. बाई त्या मुंग्यांकडं बघत बसली. मी विचारलं, "काय दिसतंय?" म्हणाली, "बघू या." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "बघू या." अगं बाई, मशीन कशाला घेतलंस मग? बघायलाच ना?

१५ ऑक्टोबर

बघूया-बाईनं आज आम्हाला सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाली, बाळाच्या लघवीच्या वाटेत एक पडदा आलाय, त्याला वॉल्व्ह म्हणतात. वाट अडली म्हणून मूत्राशय फुगलंय आणि मागं दोन्ही मूत्रपिंडांवर दाब येतोय.

हे म्हणाले, "म्हंजी वॉल अडकला."

आमच्या आळीच्या नळाचा वॉल सहादू फिरवतो, तोही मनात येईल तेव्हा. मी म्हटलं, "मंग पोटात सहादूला कोण पाठवणार?" कोणी हसलं नाही. दवाखान्यात हसायला मनाई असते वाटतं.

मग बाईनं सांगितलं की बाळ ज्या पाण्यात असतं ते पाणी म्हणजे त्याचीच लघवी. ती अडली तर पाणी आटतं, पाणी आटलं तर छाती वाढत नाही, आणि मग जन्माला आलं तरी श्वास घेता येत नाही. आत्ता पाणी जरा कमी आहे, पण आहे. एवढी वर्षं बायका बाळंत होतात, त्यांना कोणी हे सांगितलं नव्हतं ते बरंच. मी तर मालनच्या वेळी पोटाशी हात धरून काय काय गोड विचार करायचे.

बोलता बोलता बाई म्हणून गेली, "हा आजार फक्त मुलग्यांनाच होतो." आणि जीभ चावली.

म्हणजे मुलगा! मी पदर तोंडाला लावला. ह्यांनी उगाच खोकून घेतलं. मालनकडं बघितलं तर ती भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडं तोंड करून रडत होती. मुलगा म्हटल्यावर रडायचं काय, मला नाही कळलं.

मुंबईला दाखवा म्हणून बाईनं चिठ्ठी दिली. स्वतः काही बघितलं नाहीच शेवटी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. मुंबई

पंचवटी एक्स्प्रेसनं आलो. वाल्मीकराव मालेगावहून परस्पर आले. ह्यांच्या भाच्याकडं उतरलोय. मुंबईच्या चहात पाणी जास्त आणि भांडं लहान.

आजचे डॉक्टर अमेरिकेत शिकून आलेले. टेबलावर काचेच्या बाटलीत एक बारकी नळी ठेवलेली, दोन्ही टोकांना गोल वळलेली. म्हणाले, "हिला डुकराची शेपटी म्हणतात." मी खुर्ची मागं सरकवली. पोटावरून सुई घालायची, सुईतून ही शेपटी सोडायची, एक टोक बाळाच्या मूत्राशयात राहील, दुसरं बाहेरच्या पाण्यात. मग तुंबलेलं वाहून जाईल. चेहरा असा, की जणू गोदावरीवर धरण बांधून आलेत.

मालननं विचारलं, "तुम्ही किती जणींना घातलीत?"

"माझा स्वतःचा अनुभव दोन केसेसचा आहे."

"बाळं?"

"एकीची नळी सरकली. दुसरीचं बाळ जन्मलं."

"आता कसं आहे?"

डॉक्टर बाटली पुसायला लागले. म्हणाले, "पेशंट नंतर आली नाही."

पण नळी घालण्याआधी एक तपासणी करावी लागते. सुईनं बाळाची लघवी काढायची आणि त्यात मीठ किती ते बघायचं. मीठ कमी असलं तर मूत्रपिंडं शाबूत. मी आयुष्यभर आमटीचं मीठ बघत आले, त्याचे कोणी मला पैसे दिले नाहीत.

मालन हो म्हणाली. सुई टोचताना तिनं माझा हात धरला होता. माझ्या बांगडीचा वळ अजून आहे, तिच्या हातावर.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज एकाच खोलीत तीन मोठे डॉक्टर बघायला मिळाले. असा तमाशा तिकीट काढूनही बघायला मिळायचा नाही.

एक ते नळीवाले. दुसरे बाळंतपणाचे, पांढरे केस, बोलताना घड्याळ बघणारे. त्यांचं म्हणणं नळीबिळी नको, आठव्यात बाळ बाहेर काढा आणि बाहेर आल्यावर ऑपरेशन करा. या दुसऱ्यांना मी लवकरवाले म्हणते. तिसरे लहान मुलांचे सर्जन, बुटके, शर्टाचं बटण तुटलेलं. ते म्हणतात काहीच करू नका, दिवस भरू द्या, जन्मल्यावर मी बघतो. हे थांबावाले.

मिठाचा निकाल आलेला. मीठ कमी, म्हणजे चांगलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

नळीवाले म्हणाले, "मूत्रपिंडं चांगली आहेत. म्हणूनच आत्ता नळी घालायला हवी, नाहीतर खराब होतील."

लवकरवाले म्हणाले, "चांगली आहेत म्हणूनच लवकर बाहेर काढायला हवं, खराब व्हायच्या आत."

थांबावाले म्हणाले, "चांगली आहेत ना? मग हात कशाला लावता?"

एका चिमटीभर मिठात तिघांच्या तीन आमट्या. पुढं अर्धा तास इंग्रजीत चाललं. मला इंग्रजी येत नाही, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. नळीवाले उठून उभे राहिले. लवकरवाल्यांनी पेन टेबलावर आपटलं. थांबावाले खिशातून शेंगदाणे काढून खात होते. आमच्या गावात दोन भाऊ बांधावरून भांडतात तेव्हासुद्धा तिसरा भाऊ मध्ये पडतो. इथं तिसरा शेंगदाणे खातो.

मी मध्येच म्हटलं, "आठव्यातलं पोर जगत नाय. सातव्यातलं जगतं, नवव्यातलं जगतं. एवढं तर आमच्याकडं कुणालाबी ठाऊक हाय." लवकरवाले माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काय टेबल बोललं.

मग मालन बोलली. वर्गात बोलते तशी, हळू. "प्रत्येकानं एवढंच सांगा. तुमचं चुकलं, तर काय होईल?"

लवकरवाल्यांनी पेन उचलून खिशाला लावलं. असा प्रश्न त्यांना कोणी विचारत नसावं.

नळीवाले म्हणाले, आत जंतू शिरतील किंवा कळा सुरू होतील, मूल जाईल, तुम्हालाही ताप येईल. लवकरवाले म्हणाले, छाती कच्ची राहील, मूल जाईल. थांबावाल्यांनी शेंगदाणे खिशात टाकले. म्हणाले, "मूत्रपिंडं जातील. मूल नंतर जाईल, हळूहळू. ते जास्त वाईट."

म्हणजे गाड्या तीन, स्टेशन एकच. ह्याच्यासाठी आम्ही मुंबईपर्यंत आलो.

मालन म्हणाली, "जोवर पाणी आहे तोवर मी थांबते. नाशिकला दर आठवड्याला बघू. पाणी आटायला लागलं तर नळी."

वाल्मीकराव मान खाली घालून होते, त्यांनी फक्त तिची पिशवी उचलली. थांबावाले दारापर्यंत आले आणि आणखी काहीबाही सांगत बसले, जन्मल्यावर लघवी लांब पडते की थेंब थेंब गळते ते बघा, गळत असली तर त्याच दिवशी इकडं आणा, असलं. एवढा शिकलेला माणूस आणि सांगणार काय तर पोराचं मुतणं बघा. मी तोवर मालनसाठी पाणी आणायला उठले होते.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी आटोपली. विहीणबाई अक्काबाई देवळ्याहून आल्या, गोणीभर कांदे आणि डबाभर पेढे घेऊन. पेढे आधीच! देवळ्याकडं बोलताना आहेला शे म्हणतात, त्या पायरीवरूनच म्हणाल्या, "पोऱ्या शे ना? मंग नळी घाला. थांबायचं कशाला?"

मी म्हटलं, "नळी तुमच्या पोऱ्यात जायच्या आधी माझ्या पोरीच्या पोटातनं जाती, विहीणबाई."

"ती तरणी शे. तिला काय व्हतंय?"

आत मालन झोपली होती, म्हणजे डोळे मिटून होती. मी म्हटलं, "तुमच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा सडतोय म्हणं दरसाल. आधी तिथं नळी घालून बघा, सडायचा थांबला तर आम्हाला कळवा."

अक्काबाई फणकारल्या, पण जेवून गेल्या. चंद्रीचं दही मात्र दोनदा मागून घेतलं.

नंतर मालन म्हणाली, "आई, मुलगी असती तर एवढे पेढे आले असते का गं?" मी म्हटलं, मुलीला हा आजारच होत नाही, मग पेढ्यांचा प्रश्न कुठून आला? ती हसली. पण ते हसणं मला नाही आवडलं.

१२ नोव्हेंबर

पाणी आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाणी आहे. बघूया-बाई आता "बघू या" म्हणत नाही, "आहे" म्हणते. सुधारली. मी तिला दर खेपेला चंद्रीचं लिटरभर दूध नेते, त्याचा गुण. दवाखान्यात सगळे आता मला म्हशीवाली आजी म्हणतात. मला राग नाही.

मालन रात्री उठून बसते, पोटावर हात ठेवून. विचारलं तर म्हणते, "हालतोय का बघते." मी म्हणते, बघायचं काम मशीनचं, तू झोप.

१६ डिसेंबर

पाणी जरा कमी. नळीवाल्यांना फोन लावायचा की नाही यावर ह्यांचं आणि वाल्मीकरावांचं बसून बोलणं झालं. मालन म्हणाली, "कमी आहे, आटलेलं नाही." वर्गातल्या पोरांना वजाबाकी सांगावी तसं.

पाच जानेवारीला मुंबईला जाऊन तिथंच बाळंत व्हायचं ठरलंय. थांबावाल्यांनी खाट धरून ठेवलीय म्हणे. काही न करणाऱ्या माणसाकडं खाटा मोकळ्या असणारच.

३० डिसेंबर, मंगळवार

झाला! झाला! नाशिकलाच झाला! पाच जानेवारीपर्यंत कोण थांबतंय. सकाळी कळा आल्या, ह्यांनी सोसायटीची जीप आणली, आणि दुपारी माझ्या नातवानं असा टाहो फोडला की सगळा जिना हादरला. छाती कच्ची म्हणे! या म्हणावं तिघांनी, ऐका म्हणावं.

काळासावळा आहे, केस भरपूर, कान माझ्या बापासारखे. मला दुसरं मूल झालं नाही, मालनच एक, त्यामुळे मुलगा हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. आज मी दोनदा रडले आणि चारदा जेवले.

बाईचं मशीन नेमकं बिघडलंय. पुण्याहून माणूस येणार तेव्हा दुरुस्त होणार. नको तेव्हा मुंग्या दाखवत होतं.

१ जानेवारी

डायरी संपली, म्हणून आता वहीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर, गेल्या जानेवारीच्या, वार खोडून लिहिते. नवीन कशाला हवी? आज गुरुवार.

मालनला ताप भरलाय, म्हणून घरी सोडलं नाही. बाळ माझ्याच मांडीवर. इथं लहान मुलांचे एक डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येतात. आजवरच्या सगळ्या डॉक्टरांत हा एकच माणूस. मी दुधाची किटली घेऊन जिना चढत होते, ते घाईनं उतरत होते. थांबले, आणि म्हणाले, "काय आजी, धार कशी आहे?"

मला इतकं बरं वाटलं! कोण विचारतं हो म्हशीचं? मी म्हटलं, "लय जोरात, डॉक्टरसाहेब."

"मध्येच तुटत नाही ना?"

"छ्या! तुटंल कशी? एकसारखी लागती."

"वा. मग काही काळजी नाही," म्हणाले आणि हसत गेले. खाली फोनवर मुंबईला कोणाशी तरी बोलत होते, "नाही नाही, उत्तम आहे, घाई नको, बाराव्या दिवसानंतर पाठवतो."

झालं. तीन महिने जीव खाल्ला, आणि आता घाई नको. उद्या त्यांनाही लिटरभर दूध नेऊन देईन.

४ जानेवारी, रविवार

माझ्या नातवासारखं शिस्तीचं पोर साऱ्या मखमलाबादेत नसेल. शेजारच्या भागीबाईचा नातू पाळण्यातून समोरची भिंत भिजवतो. तिच्या भिंतीवर अजून डाग आहे, दाखवते ती सगळ्यांना कौतुकानं. आमचं बघा! चार दिवस मांडीवर घेऊन बसलेय, एकदा माझं लुगडं भिजलं नाही. लंगोट नुसता ओलसर, दिवसभर. मास्तरणीचं पोर. पोट तेवढं गोल आहे, ते माझ्यावर गेलंय.

वॉल म्हणे. कुठला वॉल? मशीनमधल्या मुंग्यांनाच वॉल म्हणत असतील.

मालन तापात झोपूनच आहे. मध्येच डोळे उघडते, म्हणते, "आई, डॉक्टर काय म्हणाले?" मी सांगते, काळजी नाही म्हणाले. मग पुन्हा झोपते. दूध ओढत नाही बाळ आज, ते थंडीनं.

६ जानेवारी, मंगळवार

सकाळी बाळानं हिरवं ओकलं. मालन उठून बसली. ताप उतरला होता. तिनं बाळाला खाटेवर आडवं केलं, लंगोट सोडला आणि नुसती बघत राहिली. मी म्हटलं, पोराला गार वारा लागंल. तिनं ऐकलं नाही. किती वेळ बघत होती. एक थेंब आला. मग एक थेंब.

"आई, धार कुठंय?"

मी म्हटलं, "संध्याकाळची व्हायचीये अजून. हे काढतील."

तिनं माझ्याकडं बघितलं. "याची, आई."

डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "आजी, तुम्हीच सांगितलंत ना, धार जोरात आहे, तुटत नाही?"

"मी चंद्रीचं सांगितलं."

"चंद्री कोण?"

"म्हैस."

मग सगळे एकदम पळायला लागले. टॅक्सी आली. बाळाचं अंग गार पडलं होतं, मी ते माझ्या पोटाशी लुगड्यात बांधलं. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत मालन त्याच्या नाकापुढं बोट धरून होती.

हातात किटली असलेल्या बाईला जिन्यात गाठून धार कशी म्हणून विचारतात! सोळा वर्षं शिकून हे विचारायची रीत.

८ जानेवारी. मुंबई

थांबावाल्यांनी सरळ वाटेनंच एक बारकी नळी घातली. वाटीभर निघाली लघवी. एवढ्याशा पोटात वाटीभर. पोट एकदम खाली बसलं. मला वाटलं होतं माझ्यावर गेलंय.

तुंबलेल्या लघवीचं विष रक्तात चढलंय म्हणे, आता रक्त सुधारेपर्यंत बाळ पेटीत. काचेतून बघायचं.

नळीवाले येऊन गेले. "पोटात असतानाच माझी नळी घातली असती तर ही वेळ आली नसती." त्यांच्या मागोमाग लवकरवाले. "आठव्यात काढलं असतं तर आत्तापर्यंत घरी असतं." दोघं दारात भेटले तेव्हा एकमेकांना नमस्कारसुद्धा केला नाही. पोर काचेत आणि या दोघांचं अजून ऑक्टोबरच चालू आहे.

थांबावाल्यांनी कागद बघितले. म्हणाले, "हा पहिल्या दिवशीच यायला हवा होता. उशीर का झाला?"

मालन म्हणाली, "आमचं चुकलं."

आमचं, म्हणाली. मी पलीकडच्या बाकावर होते. मला ऐकू आलं.

१९ जानेवारी, सोमवार

रक्त सुधारलं. आज थांबावाल्यांनी काडीएवढी दुर्बीण घालून तो पडदा जाळला. तासभर आत होते. बाहेर आले तेव्हा शर्टाचं बटण तेच तुटलेलं. म्हणाले, "उजवं मूत्रपिंड चांगलं आहे. डावं निम्मंच चालेल. किती टिकेल ते आत्ता सांगता येणार नाही." मी विचारलं, पहिल्या दिवशी आला असता तर डावं चाललं असतं का? ते म्हणाले, "आजी, ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित ते पोटातच गेलं असेल."

तीन मोठे डॉक्टर, एवढी मशिनं, आणि एवढं सांगता येत नाही. काय कामाचे.

त्यांनी मला शेंगदाणे दिले. मी घेतले.

१० फेब्रुवारी. मखमलाबाद

घरी आलो. बाळ दूध पितं. अक्काबाई बघून गेल्या, पेढे आणले नाहीत, काजळ आणलं. या वेळी मी डबी घेतली आणि त्यांना दही वाढलं.

चंद्रीचं दूध आता हेच काढतात. निम्मं चोरती. मला बसवत नाही हल्ली, गुडघे दुखतात.

२२ फेब्रुवारी

दूध कमी निघालं. हे म्हणाले, "तू बस की गोठ्यात. आज धार–" मी उठून आत गेले, चूल बघायला. चूल विझलेली होती.

१२ मार्च १९८७, गुरुवार

बारसं झालं, जयराम नाव ठेवलं. आज त्याला नाशिकला दाखवायला नेलं. बघूया-बाई होती, आणि ते लहान मुलांचे डॉक्टर. त्या दिवसानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्या समोर बसले. हातात किटली नव्हती.

त्यांनी जयरामचं पोट दाबून बघितलं, वजन केलं. मग मान खाली घालून, कागदावरच बघत, म्हणाले, "आजी... धार कशी आहे?"

मी म्हटलं, "कोणाची?"

ते हसले नाहीत. "याची," म्हणाले. "जयरामची."

मालननं माझ्याकडं बघितलं. सांगू शकले असते. रोज बघते मी, सकाळी, दुपारी, मालन झोपली की परत एकदा. पण मी म्हटलं, "माझ्या सांगण्यावर जाऊ नका. बसा हितं आणि बघा." आणि लंगोट सोडून पोराला टेबलावर ठेवलं.

पोराला कसली घाई. पाय झाडतोय, मूठ चोखतोय, छताकडं बघून हसतोय. आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे. बाहेर पेशंट खोळंबले. बाई म्हणाली, "बघू या."

आणि लागली! अशी लागली, की टेबलाची कड ओलांडून, त्या कागदांवरून, डॉक्टरांच्या पांढऱ्या डगल्यावर. मध्ये कुठं तुटली नाही. डॉक्टर जागचे हलले नाहीत. मान खाली घालून बघत उभे राहिले, पार शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग त्या ओल्या कागदावर काहीतरी लिहिलं. शाई फुटली.

मालन हसत होती. आवाज काढून. दसऱ्यापासून ऐकला नव्हता.

एवढा मोठा डॉक्टर आणि बदलायला दुसरा डगला नाही. तसाच ओला बसून पुढचा पेशंट बोलावला.

संध्याकाळी घरी येऊन मी बादली घेतली आणि चंद्रीची धार काढायला बसले. ती मान वळवून बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग सोडलं तिनं दूध. सगळं.